रेकॉर्डमध्ये नसलेली ओळ

दत्ताराम गाता गाता थांबला आणि माझ्या आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा खाली बसला.

काचेपलीकडे ढोलकी चालू होती. क्लॅरनेट गप्प, पेटी गप्प. दत्ताराम माईकसमोर तोंड मिटून उभा, चेहऱ्यावर मात्र मोठं समाधान. मग ढोलकीचा तुकडा पडला आणि त्याने झोकात पुढचं कडवं उचललं. मी टेप बंद केली.

"ओळ विसरलात का?" मी टॉकबॅकवर विचारलं. टॉकबॅक म्हणजे आमच्या खोलीतून आत गाणाऱ्यांशी बोलायचा छोटा स्पीकर.

"नाय साहेब. झाली की ओळ."

"कुठे झाली? माझ्याकडे काहीच आलं नाही."

दत्तारामने ढोलकीवाल्या भिकूकडे पाहिलं. भिकूने क्लॅरनेटवाल्या मायकलकडे पाहिलं. मायकलने छताकडे पाहिलं. मग दत्ताराम हळूच म्हणाला, "साहेब, ती ओळ आमी नाय म्हणत. ती लोक म्हणतात."

मी एका ग्रामोफोन कंपनीच्या मुंबईच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो. गाणारा कितीही मोठा असो, त्याचा आवाज नीट पकडून टेपवर ठेवायचा, एवढं माझं काम. मोठमोठे बुवा सर्दी झालेली असताना आले आणि मी त्यांना सांभाळून घेतलं. पण गाण्याची सगळ्यात महत्त्वाची ओळ घरीच ठेवून आलेली मंडळी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ही मंडळी म्हणजे 'न्यू मयूर म्युझिकल पार्टी', लालबाग. जुनी मयूर कुठे होती ते कोणालाच माहीत नव्हतं. 'न्यू' लावलं की वजन येतं, एवढंच. दत्ताराम आणि भिकू गिरणीत कामाला, पेटीवाला त्यांच्याच चाळीतला, आणि मायकल माझगावच्या गोदीत फिटर. गणपतीत आणि सत्यनारायणाच्या पूजांना हे चौघे मांडवात गायचे. त्यांचं एक गाणं त्या वर्षी इतकं पसरलं की गिरगावात माझी बायको ते ताक घुसळताना गुणगुणायला लागली. लालबागचं गाणं घुसळखांबापर्यंत पोचलं म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं मी आमच्या साहेबांना सांगितलं आणि पार्टीला बोलावणं गेलं.

गाणं साधं होतं. दत्ताराम रातपाळीला, त्याची बायको सुलोचना दिवसपाळीला. सकाळी तो गिरणीतून बाहेर पडायचा आणि ती आत जायची. नवरा-बायकोची भेट व्हायची ती गिरणीच्या गेटावर, तीही भोंगा वाजत असताना. संध्याकाळी ती घरी यायची तर हा डबा घेऊन निघायच्या घाईत. त्यावर त्याने गाणं केलं होतं:

तू निघालीस, मी परतलो,
गेटावरती गाठ,
डोळ्यांत माझ्या झोप अजून,
तुझ्या डब्यात भात.
भोंगा ओरडे, भोंगा ओरडे,
बोलणं राहून जाय,
सांग रे भोंग्या, सांग रे भोंग्या,
मागतो आम्ही काय?

इथे दत्ताराम थांबायचा. आणि मांडवात बसलेली सगळी जनता, गिरणीतले पुरुष, बायका, पोरंटोरं, एका दमात ओरडायची, "दोघांना दिवसपाळी!"

गंमत म्हणजे सुरुवातीला ही ओळ नव्हतीच. पहिल्यांदा गायला तेव्हा प्रश्न विचारून तो श्वास घ्यायला थांबला आणि मांडवातून कोणीतरी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी दहाजणांनी दिलं. गणपती विसर्जनाला निघाले तोवर सगळं लालबाग देत होतं. त्यामुळे पार्टीतल्या कोणाच्या तोंडात ती ओळ कधी बसलीच नाही. तालमीतसुद्धा ते तेवढी जागा सोडून पुढे जायचे आणि ती ओळ झाली असं धरायचे. लग्नात मंगलाष्टकं झाली की कोणी ना कोणी अक्षता टाकणारच, तसा त्यांचा हिशोब होता.

"मग आज तुम्ही म्हणा," मी दत्तारामला सांगितलं.

त्याने म्हटली. दोनदा म्हटली. काहीतरी भलतंच झालं. स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं, त्यात त्याचा तो बेदरकार आवाज एकदम केविलवाणा व्हायचा. तो स्वतःच माईकपासून मागे सरला.

"नाय होत साहेब. एकट्यानं मागितलं की भीक मागितल्यासारखं वाटतं."

मायकलला म्हणायला लावलं. त्याच्या तोंडून 'दिवसपाळी' असं निघालं की जणू चर्चमध्ये कोणाला तरी आशीर्वाद देतोय. मग मी ऑफिसातली माणसं गोळा केली. दोन टायपिस्ट, एक अकाउंटंट, आमचा शिपाई आणि मी. आम्ही माईकसमोर ओळीने उभे राहिलो आणि सुरात म्हणालो, "दोघांना दिवसपाळी." भिकूने ढोलकीवरचा हात काढला आणि तोंडावर ठेवला. टेप ऐकली. म्युनिसिपल शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर प्रार्थना होते, अगदी तशी. आम्हाला कोणालाच दिवसपाळी नको होती. आमच्या सगळ्यांकडे ती जन्मापासून होती.

इतक्यात विजयकरसाहेब आले. विजयकरसाहेब म्हणजे आमचे रेकॉर्डिंगचे प्रमुख. जुन्या मुंबईकर घराण्यातले, गिरगावात पिढ्यान् पिढ्यांचं घर, कोटाचं बटण कधी उघडं दिसायचं नाही. गाण्याची जाण उत्तम, पण घड्याळाची त्याहून उत्तम.

"कारखानीस, काय अडलंय?"

मी सांगितलं.

"मग लालबागहून वीस माणसं आणा."

"साहेब, शहरात जमावबंदी आहे. वीस माणसं एकत्र फोर्टात आली तर स्टुडिओपर्यंत पोचणार नाहीत."

ते दिवसच तसे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळावा म्हणून सगळं शहर पेटलेलं. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराची आठवण ताजी होती. चारपाच माणसं कोपऱ्यावर विडी ओढत उभी राहिली तरी शिट्टी वाजायची. शिवाय आमच्या स्टुडिओत वीस माणसं मावलीही नसती.

"मग जागा काढून टाका," साहेब म्हणाले. "प्रश्न झाला की लगेच पुढचं कडवं. टेप आहे ना आता आपल्याकडे? ब्लेड चालवा."

टेप आमच्याकडे नुकतीच आली होती. त्याआधी गाणं थेट तबकडीवर कापलं जायचं. चुकलं की सगळं पहिल्यापासून. टेपवर मात्र नको तो तुकडा ब्लेडने कापून दोन टोकं चिकटपट्टीने जोडता यायची. आम्ही रेकॉर्डिस्ट त्या ब्लेडवर इतके खूश होतो की खोकला, श्वास, खुर्चीची कुरकुर, सगळं कापत सुटलो होतो.

मी ती रिकामी जागा कापली. जोडली. सगळ्यांना ऐकवली.

गाणं मेलं होतं. ताल कुठे चुकला नव्हता, सूर हलला नव्हता, सांधासुद्धा ऐकू येत नव्हता. पण 'मागतो आम्ही काय?' असं विचारून तो माणूस उत्तराची वाट न बघता पुढे निघून जात होता. काचेपलीकडे दत्ताराम खुर्चीत बसून राहिला. मी आत गेलो.

"साहेब, एक सांगू?" तो म्हणाला. "रागावू नका. रेकॉर्ड निघाली की ती हॉटेलात वाजेल, लग्नात वाजेल. गिरणीत आमच्या खात्याचे मास्तर आहेत, पाळ्या लावणारे, त्यांच्या कानावर जाईल. माझं मागणं तेवढंच आहे हो. तिला आणि मला एका पाळीत घ्या. सात वर्षं झाली लग्नाला. मी तोंडानं मागितलं तर मास्तर ऐकत नाय. गाण्यातून ऐकेल असं वाटतं. आणि तुमी तर मागणंच काढून टाकलंत."

गाणी कशासाठी रेकॉर्ड करतात ते मला पाठ होतं. नाव, पैसा, रेडिओ. अर्ज म्हणून रेकॉर्ड काढायला निघालेला माणूस मी पाहिला नव्हता. मला त्याचं हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

आता पेच असा होता. ओळ घातली तर खोटी वाटत होती, कापली तर गाणं मरत होतं. आणि ती ओळ हेच दत्तारामचं सगळं भांडवल. मी कापलेला तुकडा टेबलावरून उचलला, होता तिथे परत जोडला आणि पुन्हा ऐकला. प्रश्न. मग नुसती ढोलकी. मग पुढचं कडवं. ढोलकीच्या त्या ठेक्यात भिकू काय वाजवत होता ते मला तेव्हा नीट ऐकू आलं. तो समोर लोक आहेत असं धरून वाजवत होता. त्यांना जागा करून देत होता. मी खुर्चीत बसल्या बसल्या, माझ्या नकळत, 'दोघांना दिवसपाळी' म्हणालो. टायपिस्ट बाईही म्हणाल्या. मघाशी माईकसमोर जे जमलं नव्हतं ते आता आपसूक निघालं.

"साहेब," मी विजयकरसाहेबांना म्हटलं, "जागा तशीच ठेवू या."

"रिकामी?"

"रिकामी."

"लोक पैसे टाकून रेकॉर्ड घेणार आणि मधोमध त्यांना काय ऐकवणार? सुईची खरखर?"

"ढोलकी आहे साहेब. आणि बाकीचं ते म्हणतील."

साहेबांनी घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं. "मागच्या बाजूला घाला," ते म्हणाले. "पुढच्या बाजूला यांचं ते गणपतीचं घ्या. काही झालं तर गणपती सांभाळेल."

दत्तारामला पटवायला जास्त वेळ लागला. मागणं रेकॉर्डवर नसेल तर मास्तरांना कळणार कसं, हा त्याचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. मी म्हटलं, "लोकांवर भरवसा आहे ना?" त्याने टाळूवर हात फिरवला. मग म्हणाला, "लोकांवर आहे. मशीनवर नाय." पण उठला आणि गायला.

टेप कारखान्यात गेली. रेकॉर्ड छापायचा कारखाना दूर, दुसऱ्या प्रांतात. तिथून आठवडाभरात तार आली: मागच्या बाजूचं गाणं तीनदा अडखळतं, दोष आहे, छपाई थांबवली आहे. विजयकरसाहेबांनी मला बोलावलं, तार पुढे सरकवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मला वाटलं, गेलं आता दत्तारामचं गाणं, आणि बहुधा माझी नोकरीही. साहेबांनी कागद ओढला आणि माझ्यासमोर उत्तर लिहिलं: दोष नाही, मूळ गाणं तसंच आहे, छापा. कोटाचं बटण सारखं करून ते म्हणाले, "कारखानीस, हे आपटलं तर मी तुम्हाला ओळखत नाही." या माणसाबद्दल मला तोवर आदर होता. त्या दिवसापासून माया वाटायला लागली.

रेकॉर्ड आली तेव्हा मी ती घेऊन स्वतः लालबागला गेलो. नाक्यावरच्या इराण्याकडे रेकॉर्ड वाजवायचं मशीन होतं. पाळी सुटायची वेळ, हॉटेल भरलेलं, कपबशांचा खणखणाट. दत्ताराम माझ्यासमोर बसला होता, हातात पाव, चहात बुडवलेला आणि तसाच विसरलेला. इराण्याने रेकॉर्ड लावली. कोणाचं लक्ष नव्हतं. पहिलं कडवं निघालं तशी दोनचार डोकी वळली. 'भोंगा ओरडे' ला कोणीतरी टेबलावर ठेका धरला.

"सांग रे भोंग्या, सांग रे भोंग्या, मागतो आम्ही काय?"

आणि दत्ताराम रेकॉर्डमध्ये थांबला.

"दोघांना दिवसपाळी!"

सगळं हॉटेल ओरडलं. आतला भटारखान्यातला माणूस ओरडला. बाहेर पानवाल्याकडे उभे असलेले ओरडले. गल्ल्यावरच्या इराण्याचीही मान हलली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ठेक्यावर, बरोबर तेवढ्याच जागेत, जिथे मी ब्लेड लावलं होतं तिथे. आणि दत्तारामचा रेकॉर्डमधला आवाज पुढचं कडवं असं उचलून गेला की जणू त्याने हे सगळं ऐकलं होतं. मी तोवर आवाज पकडणारा माणूस होतो. माणसं तिथे नसताना त्यांच्यासाठी राखलेली जागा पकडता येते, हे मला माहीत नव्हतं.

दत्तारामचा पाव चहात पडला. "साहेब," तो म्हणाला, "मी ह्ये कधी ऐकलंच नव्हतं. मी नेहमी गात असायचो ना."

रेकॉर्ड चालली. चालली म्हणजे कारखान्याला पुरवठा करता येईना इतकी चालली. मागची बाजू पुढची झाली आणि गणपतीला विश्रांती मिळाली. पण मग एक गोष्ट झाली जी आम्ही कोणीच हिशोबात धरली नव्हती. प्रश्न लालबागच्या बाहेर गेला. आणि बाहेरच्या लोकांना उत्तर माहीत नव्हतं.

मग त्यांनी आपापलं दिलं. दादरला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी ओरडून मागितली, "सुट्टी! सुट्टी!" परळच्या एका चाळीत लग्नात रेकॉर्ड लागली तर बायका म्हणाल्या, "नळाला पाणी!" माझगावात मायकलच्या शेजाऱ्यांनी काय मागितलं ते त्याने मला सांगितलं, पण दारूबंदीचे दिवस होते, ते लिहीत नाही. आणि मग एका सभेत, शिवाजी पार्कला, सभा सुरू व्हायच्या आधी लाउडस्पीकरवर कोणीतरी ती रेकॉर्ड लावली. मी मैदानाच्या कडेला उभा होतो. दत्तारामने विचारलं, "मागतो आम्ही काय?" आणि अख्ख्या मैदानाने उत्तर दिलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

ती घोषणा त्या ठेक्यात बसायला मोठी होती. पण लोकांनी ती बसवली. भिकूच्या ढोलकीवर मैदानभर माणसं ती दाबून, घाईने, एका श्वासात म्हणाली आणि पुढच्या कडव्याच्या आत संपवली. मी कोणत्याही पक्षाचा नव्हतो. पण पुढच्या वेळी प्रश्न आला तेव्हा मीही ओरडलो.

त्यानंतर साहजिकच बोलावणं आलं. एका सरकारी कचेरीतून निरोप होता: तुमची रेकॉर्ड चिथावणीखोर आहे, घेऊन या. विजयकरसाहेबांनी रेकॉर्ड, छोटा ग्रामोफोन आणि मला सोबत घेतलं. रेकॉर्डवर बंदी आली तर विषय संपला. दत्तारामचा अर्ज मास्तरांपर्यंत पोचायच्या आतच फाटला असता. तो आमच्याबरोबर यायचं म्हणत होता, साहेबांनी येऊ दिलं नाही.

अधिकारी मराठी होते, पोक्त, दमलेले. दाराशी एक हवालदार उभा होता, कित्येक दिवसांच्या बंदोबस्ताने डोळे सुजलेला.

"या गाण्यात संयुक्त महाराष्ट्राची घोषणा आहे अशी तक्रार आहे," अधिकारी म्हणाले.

"नाही साहेब," विजयकर म्हणाले. "ऐकून घ्या."

मी चावी दिली, सुई ठेवली. दत्ताराम गायला. प्रश्न आला. मग नुसती ढोलकी आणि सुईची खरखर. अधिकारी पुढे झुकून ऐकत होते. पुढचं कडवं लागलं.

"घोषणा कुठे गेली?"

"नव्हतीच साहेब."

"पण मी स्वतः ऐकली आहे. सगळीकडे ऐकतोय."

"लोक म्हणतात साहेब. रेकॉर्ड नाही म्हणत."

"परत लावा."

परत लावली. दत्तारामने दुसऱ्यांदा विचारलं, "मागतो आम्ही काय?" आणि ढोलकीच्या त्या रिकाम्या जागेत दाराकडून अगदी हळू, ठेक्यात, आवाज आला, "चार दिवस रजा."

हवालदार जागच्या जागी ताठ झाला. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. अधिकाऱ्यांनी सावकाश मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता याची रजा नाही, नोकरीच जाते. पण अधिकारी ओठ घट्ट मिटून बसले होते, आणि मिटलेले ओठ हलत होते. हसू दाबत होते की त्यांचंही काही मागणं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

"घेऊन जा हे," ते शेवटी म्हणाले. "यात काहीच नाही. जे नाही त्यावर मी बंदी कशी घालू?"

जिना उतरताना विजयकरसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

कंपनीला आता दुसरी रेकॉर्ड हवी होती. वरून हुकूम आला: तसंच करा, मध्ये जागा सोडा. दत्तारामने एक गाणं केलं, बरं होतं. तीन ठिकाणी व्यवस्थित मोजून जागा सोडल्या. रेकॉर्ड निघाली, हॉटेलात लागली. जागा आली. लोकांनी चहा प्यायला. पुढची जागा आली, लोकांनी बिल दिलं. आम्ही जागा सोडली होती, पण कोणाला काही विचारलं नव्हतं. न्यू मयूर म्युझिकल पार्टीची तिसरी रेकॉर्ड निघालीच नाही.

आणि दत्तारामच्या मागण्याचं काय झालं? मी त्याला मधूनमधून भेटायचो तेव्हा विचारायचो. मास्तरांनी गाणं ऐकलं होतं. त्यांना आवडलंही होतं. पण त्यांनी ऐकलं ते एका सभेत, तेव्हा मागणं वेगळं होतं. "लोकांचं मागणं मोठं होतं साहेब," दत्ताराम म्हणाला. "त्यात माझं कुठं ऐकू जाणार?" त्याचा स्वर कडवट नव्हता. एव्हाना लालबागही त्या जागेत तीच घोषणा देत होतं; तोही मोर्चाला जात होता, तोही मैदानात तीच घोषणा देत होता. स्वतःच्याच गाण्यात, स्वतःचं मागणं बाजूला ठेवून.

मग सुलोचनाच्या खात्यात नवी यंत्रं आली आणि बायकांना कमी केलं. त्यांत तिचीही नोकरी गेली. आता सकाळी तो घरी यायचा तेव्हा ती घरी असायची. "भेट रोज होते," तो मला म्हणाला. "पण असं नव्हतं मागितलं."

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सकाळी मी लालबागला गेलो. घरोघर गुढ्या, तोरणं, रस्ताभर गुलाल. पार्टी केव्हाच मोडली होती. दत्तारामच्या चाळीखाली लाउडस्पीकर लावला होता आणि अर्थातच ती रेकॉर्ड लागली. रस्ता गच्च भरला होता. दत्ताराम माझ्या शेजारी उभा होता, रातपाळी करून आलेला, केसांत कापसाचे तंतू. सुलोचना वर गॅलरीत, कठड्याला टेकून.

रेकॉर्डमधल्या दत्तारामने विचारलं, "सांग रे भोंग्या, सांग रे भोंग्या, मागतो आम्ही काय?"

लोकांनी तोंड उघडलं आणि थांबले. जे मागायचं ते मिळालं होतं. इतकी वर्षं तिथे घोषणा टाकणाऱ्या त्या गर्दीला पहिल्यांदाच काय म्हणावं ते सुचेना. भरल्या रस्त्यावर नुसती भिकूची ढोलकी वाजली. मी आयुष्यात ऐकलेली ती सगळ्यात मोठी शांतता होती, आणि ती मीच टेपवर ठेवलेली होती.

पुढचं कडवं झालं. प्रश्न पुन्हा आला. आणि वरून, गॅलरीतून, एका बाईचा आवाज आला. गाणारा नव्हे, हाक मारणारा.

"दोघांना दिवसपाळी!"

सगळ्यांनी वर पाहिलं. सुलोचनाचे दोन्ही हात कठड्यावर होते. तिला आता कुठलीच पाळी नव्हती. तिने 'दोघांना' म्हटलं होतं. दत्ताराम वर बघत राहिला. त्याने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

तिसऱ्या वेळी प्रश्न आला तेव्हा अख्खा रस्ता तयार होता. त्यांनी ते असं मागितलं की समोरच्या गिरणीच्या भिंतीवरून आवाज परत आला.

गिरणीने तिला घेतलं नाही. तशी गिरणी कोणालाच परत घेत नव्हती. दत्ताराम निवृत्त होईपर्यंत रातपाळीलाच राहिला आणि ती रेकॉर्ड त्यांच्या घरात कपाटावर उभी असायची.

मी पुढे बरीच वर्षं काम केलं. यंत्रं सुधारली, जोडकाम इतकं सफाईदार झालं की गाणाऱ्यालाही कापलेलं कळेना. नवीन पोरं यायची ती पहिल्याच दिवशी ब्लेड मागायची. मी त्यांना ब्लेड द्यायचो आणि एवढंच सांगायचो की गाणारा थांबला तर लगेच कापू नका. आधी तो कोणाची वाट बघतोय ते पाहा.